थेंब घालायची परवानगी

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तू "जेवलीस का?" आणि "झोप होते का?" यापलीकडे कधी जात नाहीस, आणि तेही फोन स्पीकरवर ठेवून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. म्हणून पुन्हा कागदावर आले. पत्राला पत्रानेच उत्तर देणारा तू बहुधा जगातला शेवटचा दुकानदार असशील, तेव्हा तुझं व्रत मी मोडणार नाही.

माझी डोळे तपासायची नोकरी तीच आहे, पण आता ती नदीच्या दोन्ही काठांवर पसरलीय. आमच्या कंपनीची दोन क्लिनिकं आहेत, एक अलीकडे, एक पलीकडे. मध्ये पूल. पुलाच्या मधोमध रस्त्यावर एक पिवळी रेघ मारलेली आहे, आणि त्या रेघेपलीकडे दुसरं सरकार. दोन्हीकडच्या परीक्षा मी पास झालेय, त्यामुळे काही दिवस इकडे बसते, काही दिवस तिकडे. खुर्ची तशीच, यंत्रं तीच, भिंतीचा रंगसुद्धा एकच. पण अलीकडे मी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करते, आतलं तपासते, औषधं लिहून देते, आणि आता तर लेझरसुद्धा शिकले. पलीकडे मात्र नंबर काढायचा, चष्मा द्यायचा, शंका आली तर डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी द्यायची. बस. थेंबाची बाटली कपाटात सापडली तरी माझा परवाना जाईल.

मागच्या आठवड्यात पलीकडे एक वेल्डर आला. एक डोळा लालभडक, पाणी थांबत नव्हतं. यंत्राखाली बघितलं तर बुबुळावर लोखंडाचा कण, वरच्यावर बसलेला. मी सांगितलं, "कण आहे."

"मग काढा की!"

"मला इथे परवानगी नाही."

"मग कुठे आहे?"

मी खिडकीतून नदीपलीकडे बोट दाखवलं. तो आधी माझ्याकडे, मग नदीकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. त्यांच्याकडच्या इस्पितळात संध्याकाळपर्यंत नंबर लागला नसता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं पूल चालत ओलांडला. तो डोळ्यावर रुमाल धरून, मी त्याचा दंड धरून. पिवळी रेघ आली तेव्हा थबकला आणि म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "आता चालेल, पण खुर्चीपर्यंत तर या!" अलीकडच्या क्लिनिकात बधिर करायचा थेंब घातला आणि कण काढला. डोळा मिटून-उघडून त्याने खात्री करून घेतली आणि म्हणाला, "बाई, मघाशीही तुमचे हात हेच होते ना?"

मी हसले. पण नंतर धुताना मी खरंच त्या हातांकडे बघत उभी राहिले रे.

लेझरच्या वर्गात आम्ही देशोदेशीचे ऑप्टोमेट्रिस्ट होतो, म्हणजे डॉक्टर नसलेले, माझ्यासारखे डोळे तपासणारे. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाने आपापल्याकडचं सांगितलं. एकीच्या देशात नंबरसुद्धा डॉक्टरच काढतात, ती फक्त चष्मा बसवून देते. दुसऱ्याला थेंब घालता येतात, पण ते फक्त बघण्यासाठी, बरं करण्यासाठी नाही. तिसरी काचबिंदूची औषधं स्वतः लिहून देते. आणि एक शांत गृहस्थ होते, लांबच्या बेटांवरचे. ते म्हणाले, "आमच्याकडे मीच आहे. बोट महिन्यातून एकदा येते. त्यामुळे मला काय काय येत नाही, हे अजून कुणी विचारलेलं नाही." सगळे हसलो. डोळा सगळीकडे तेवढाच, आणि त्याच्यापासून किती अंतरावर थांबायचं याचा नियम मात्र दर काही कोसांवर निराळा!

एक विचारायचं होतं. इतकी वर्षं तू लोकांच्या डोळ्यांसमोर बसतोयस. तू कधी आत बघितलंयस का?

मामीला नमस्कार, मांजराला गोंजारणं.

तुझी,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी दुकानात वाचलं, मग वर जाऊन तुझ्या मामीला वाचून दाखवलं, आणि वेल्डरचा भाग तर शेजारच्या शिंप्यालाही ऐकवला. त्याचा विश्वास बसला नाही. म्हणाला, "माणसाचे हात पुलावर बदलतात होय?" मी म्हटलं, माझी भाची खोटं बोलायला लागली तर आधी तिचा कान उपटीन.

आता तुझ्या प्रश्नाचं. नाही. आत कधी बघितलं नाही.

आमच्याकडे तुमच्यासारखा पिवळ्या रेघेचा कायदा नाही. खरं सांगायचं तर नीटसा कसलाच कायदा नाही. कालपर्यंत घड्याळं विकणारा आज चष्मे विकायला बसतो. पण मला ज्यांनी शिकवलं त्या उस्तादांचा एक नियम होता. म्हणायचे, "आपण दरवान. दारात उभं राहायचं, दार कुठे अडतंय ते बघायचं. आत शिरायचं नाही. आतला मालक वेगळा." मी तो नियम डोळ्यात तेल घालून पाळला. लोक म्हणायचे, तुम्हीच द्या की एखादा थेंब. मी कधी बाटली दुकानात आणली नाही. त्याचा मला अभिमान आहे, उगाच कशाला लपवू?

पण बाहेरून थोडं दिसतं. रेटिनोस्कोपचा उजेड टाकला की बाहुलीत तांबूस झळाळी हलते, हे तुलाही ठाऊक आहे. तिच्या हलण्यावरून मी नंबर ओळखतो. रस्त्यावरून जाताना कुणाच्या तरी खिडकीत दिवा दिसावा, तसं. आत कोण राहतं, भिंतींना रंग कुठला, काही कळत नाही. तेव्हा तू आता टाळाटाळ न करता लिही, आत काय आहे? पुस्तकातलं नको. तुला दिसतं ते.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मामीने मात्र माझ्या धंद्याचं नाव घालवायचं ठरवलेलं दिसतंय. वर्षभरात हा तिसरा बायफोकल चष्मा करून दिला, तरी म्हणते जिन्याच्या पायऱ्या गायब होतात. परवा ओट्यावरचा कप कोपराने उडवला. मांजराच्या शेपटीवर तर इतक्यांदा पाय दिलाय की ते बिऱ्हाड घेऊन खाली दुकानात राहायला आलंय. बायफोकलच्या खालच्या भागातून जमीन पुसट दिसायचीच, हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावतो. घरात मात्र पिकतं तिथे विकत नाही. फ्रेम थोडी वर उचलून दिली, खालचं भिंग लहान केलं, नाकावरची गादी बदलली. बाईसाहेबांची तक्रार चालूच.

आणि नजर म्हणशील तर ठणठणीत! तक्त्यावरची शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी धडाधड म्हणते. मी दिवा लावायच्या आत म्हणून मोकळी होते. तात्पर्य, डोळे उत्तम, लक्ष नाही. हे मी तिला सांगितलं, त्यानंतर मला बराच वेळ चहा मिळाला नाही.

आत काय आहे ते लिही.

तुझा,
मामा


९ मार्च

प्रिय मामा,

आधी तू मागितलंयस ते देते, मग मला हवंय ते मागते.

अंधाऱ्या खोलीत मोठ्या झालेल्या बाहुलीतून उजेड आत सोडला की क्षणभर काही कळत नाही. मग भिंग एक केसभर पुढे घेतलं की एकदम उघडतं. सगळीकडे केशरी. सूर्य बुडाल्यावर आभाळ असतं ना, तेवढं मोठं वाटतं, आणि असतं मात्र एवढ्याशा गोळ्यात. त्यात एका बाजूला फिकट गुलाबी, गोल बशी. तीच डोळ्याची नस, मेंदूकडून आलेली. बशीच्या मध्ये छोटासा खळगा. त्या खळग्यातून रक्तवाहिन्या बाहेर पडतात आणि फांद्यांसारख्या पसरत जातात. माणसाला कुठेही न कापता जिवंत नस आणि वाहतं रक्त उघड दिसेल, अशी अख्ख्या शरीरात ही एकच जागा आहे. मी रोज बघते. रोज पहिल्या क्षणी माझा श्वास अडकतो. समोर कटकट करणारा म्हातारा असू दे नाहीतर रडकं पोर, आत हे असतं आणि त्याला स्वतःला ते कधीच दिसणार नसतं. कुणी आपल्याला एवढ्या आत येऊ देतं, याचंच मला नवल वाटत राहतं.

आता माझं मागणं. तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मांजराच्या बिऱ्हाडावर मी खूप हसले. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही. पायऱ्या, कप, शेपटी. मामा, हे सगळं खालच्या बाजूचं आहे.

आणि तो तक्ता! अरे, मामी इतकी वर्षं रोज सकाळी तो पुसते. तिला तो पाठ आहे. तू दिवा लावायच्या आत म्हणते, यावरूनच तुला कळायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि समजा पाठ नसता, तरीही काचबिंदू शेवटपर्यंत मधली नजर तशीच ठेवतो आणि कडेने खात येतो. शेवटची ओळ वाचणारी माणसं माझ्यासमोर रोज बसतात, आणि त्यांची निम्मी खोली गेलेली असते. दुखत नाही, काही नाही. मामीच्या वडिलांना म्हातारपणी दिसेनासं झालं, ते वयामुळे असं सगळे म्हणायचे. त्यांच्या डोळ्यात कुणी आत बघितलं होतं का?

घाबरवत नाही. माझी चूक असली तर मामीच्या हातचा मार खायला येईन. पण एक तपासणी कर. तिला ना थेंब लागतो, ना यंत्र, आणि जगाच्या पाठीवर कुठेही तिला परवाना लागत नाही. दोघांनी चष्मे काढून समोरासमोर बसा, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. तिने हाताने उजवा डोळा झाकायचा, तू तुझा डावा. तिने फक्त तुझ्या उघड्या डोळ्याकडे बघायचं, तू तिच्या. मग तुझी बोटं हलवत हलवत, दोघांच्या बरोबर मधून, बाहेरून आत आण. वरून, बाजूंनी, आणि खालून. बोटं दिसली की तिने सांगायचं. तुला जिथे दिसतील, तिथेच तिलाही दिसायला हवीत. मग डोळे बदलून पुन्हा तसंच.

फोनवर हे बोलले असते तर स्पीकरवरून मामीने ऐकलं असतं आणि पाठच करून ठेवलं असतं. म्हणून कुरिअरने पाठवतेय. आजच कर.

तुझी,
भिंगरी


१४ मार्च

भिंगरी,

केलं.

दुपारी दुकान बंद करून वर गेलो. ती म्हणाली, "हे काय नवीन? लग्नात तरी इतका वेळ बघितलं होतं का तुम्ही माझ्याकडे?" मी म्हटलं, भाचीचा हुकूम आहे. बसली. गुडघ्याला गुडघा. मी वरून बोटं आणली. "दिसली." मलाही तेव्हाच दिसली. डावीकडून, उजवीकडून, थोडं मागेपुढे, पण दिसली. मनात म्हटलं, भिंगरीने उगाच तोंडचं पाणी पळवलं.

मग खालून. मांडीजवळून बोटं हलवत वर आणायला लागलो. मला ती केव्हाच दिसत होती. पोटाजवळ आली, छातीजवळ आली. ती माझ्या डोळ्यात बघत शांत बसलेली. मी आणखी वर आणली, पार हनुवटीच्या रेषेत. तेव्हा ती म्हणाली, "अहो, सुरू करा ना. किती वेळ असं बसायचं?"

माझी बोटं तिच्या तोंडासमोर हलत होती.

डोळा बदलायला सांगितला. दुसऱ्याचंही तसंच, जरा कमी. मग तिनेच माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "चष्म्याचा दोष नव्हता."

अख्ख्या गावाचे चष्मे मी नाकावर सरळ बसवले, पोरी. घरात एका माणसाला जिना दिसत नव्हता आणि मी फ्रेम वर-खाली करत बसलो होतो. उद्या सकाळच्या गाडीने मोठ्या इस्पितळात घेऊन जातो. ती म्हणते, "हातच्या कांकणाला आरसा कशाला, मला चांगलं दिसतंय." पण पिशवी भरलीय.

मामा


२० मार्च

मामा, मामी,

रजा मागितलीय. मिळाली तर येते. पण येऊन काय करणार, हे मनातून जात नाही. इथे मी कुणाच्याही डोळ्याला लेझर करते, नावसुद्धा नीट माहीत नसलेल्या माणसाच्या. तिथे माझा परवाना म्हणजे नुसता कागद. मामीच्या बाजूला बाकावर बसून तिची पर्स धरेन, एवढंच.

काल पूल ओलांडताना त्या रेघेवर मुद्दाम उभी राहिले. एक पाय इकडे, एक तिकडे. मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली.

एक ओळ तरी लिहा.

भिंगरी


२ एप्रिल

लाडके भिंगरे,

मी सहसा लिहीत नाही, पण तुझे मामा अजून पेन हातात घेऊन नुसते बसतात, म्हणून मीच लिहिते. काचबिंदूच आहे. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. गेलं ते परत येत नाही म्हणाल्या डॉक्टरबाई. उरलंय ते सांभाळायचं.

खरं सांगू का? मला माहीत होतं काहीतरी चुकतंय. पण शेवटची ओळ वाचता आली की डोळे चांगले, असं यांच्याच तोंडून इतकी वर्षं ऐकलेलं. मग मी ती ओळ म्हणत राहिले. ती म्हणता येईनाशी झाली असती तर यांना किती लागलं असतं! म्हणजे चूक दोघांची, अर्धी अर्धी. त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या अर्ध्यापेक्षा माझं अर्धं मोठं." आता याला काय म्हणावं?

तू धावत येऊ नकोस. सवडीने ये, म्हणजे मला तुझ्याशी धड बोलता येईल. ते सध्या जिना उतरताना माझ्या एक पायरी पुढे, उलटे तोंड करून उतरतात. एक दिवस तेच पडतील.

मांजर पुन्हा वर आलं.

तुझी,
मामी


११ एप्रिल

चिरंजीव भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आता लिहू शकतो.

इस्पितळात मी मान खाली घालून गेलो होतो. वाटलं, डॉक्टरबाई विचारतील, "चष्म्याचं दुकान ना तुमचं? मग इतके दिवस काय करत होता?" त्यांनी मात्र विचारलं, "खालून दिसत नाही हे कसं ओळखलंत?" मी तुझं नाव सांगितलं, पुलाचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मधलं सगळं शाबूत आहे. आणखी एक-दोन वर्षांनी आला असतात तर मी काही बोलू शकले नसते." मग त्यांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. तिने माझा हात धरला होता.

आत त्यांचं यंत्र होतं. त्याला बाजूला आणखी एक नळी, शिकाऊ डॉक्टरांसाठी. बाईंनी आपला डोळा लावला, बराच वेळ बघितलं. मग मान वर न करताच म्हणाल्या, "दुकानदार, या इकडे. या नळीतून बघा."

मी म्हटलं, "मी? मला आत…" उस्ताद आठवले. बाई म्हणाल्या, "मी बोलावतेय ना?" मालकानेच बोलावल्यावर दरवान काय करणार?

भिंगरी, तू लिहिलं होतंस ते सगळं खरं, आणि तरी काहीच नाही. केशरी. एवढं केशरी मी कुठे बघितलं नव्हतं. फांद्या, बारीक, आणखी बारीक, कडेला विरत जाणाऱ्या. आणि ती बशी. मी श्वास घ्यायचा विसरलो. मग दिसलं की बशीवर एका ठिकाणी शीर किंचित फुगते, बसते, फुगते. मी समजलो यंत्र हलतंय. बाई म्हणाल्या, "तिची नाडी आहे ती." तिचं काळीज चाललेलं मला दिसत होतं गं! इतकी वर्षं एका छपराखाली राहिलो, रुसलो, भांडलो, आणि ही बाई आत असं आभाळ घेऊन माझ्यासाठी चहा करत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि नळी धूसर झाली. बाई म्हणाल्या, "पुसा आणि पुन्हा बघा. अजून मुख्य बघायचंय."

मुख्य म्हणजे खळगा. बशीच्या मध्ये असायचा, तो वरच्या कडेपर्यंत खणत गेला होता. तिथे काठच उरला नव्हता. वरचा काठ गेला म्हणून खालचं जग गेलं. डोळ्यात सगळं उलटं पडतं, हे भिंगवाल्याला कुणी समजवावं लागत नाही. तिथे मला जिना दिसला, कप दिसला, मांजराची शेपटी दिसली. माझे तिन्ही बायफोकल दिसले. खूप वाईट वाटलं, आणि तेव्हाच हेही वाटलं की एवढं सुंदर मी काही बघितलं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी. ते कसं सांगायचं, मला येत नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काय दिसलं हो आत?" मी म्हटलं, "नंतर सांगतो." गाडीत पुन्हा विचारलं, घरी पुन्हा. अजून नीट सांगितलेलं नाही. थोडं थोडं सांगतो.

आता औषध. थेंब आहेत, रोज, जन्मभर. पुढे लागलं तर लेझर, तुझ्यासारखंच, फक्त ते डॉक्टरबाई करतील. मी त्यांना विचारलं, "थेंब घालायला नर्सकडे जावं लागेल का?" त्या म्हणाल्या, "का? तुम्ही घाला की."

मी म्हटलं, "बाई, मी चष्मेवाला. आमच्यात थेंब घालत नाहीत."

त्या हसल्या. म्हणाल्या, "चष्मेवाल्याला सांगतच नाहीये. तिच्या नवऱ्याला सांगतेय."

तुझ्या वेल्डरला कळव, इथे पूलसुद्धा लागला नाही. हात तेच.

तेव्हा आता रोज जेवणं आटोपली की ती खुर्चीत मान मागे टाकून बसते. मी साबणाने हात धुतो, तू धुतेस तसे, बोटांच्या पेरांपर्यंत. पहिल्या दिवशी तीन थेंब गालावर गेले आणि एक मांजरावर. आता जमतं. खालची पापणी ओढायची, बाटली धरायची, आणि तिला सांगायचं, वर बघ. तिचं वरचं सगळं शाबूत आहे. ती वर बघते आणि मी तिच्यावर वाकलेला असतो.

काल थेंब पडायच्या आधी म्हणाली, "थांबा जरा."

"काय झालं?"

"काही नाही. इथून तुम्ही अख्खे दिसता." मग नीट बघून म्हणाली, "नाकातले केस कापा."

तुझा,
मामा